सरड्याची धाव काचेपर्यंत

मंडळी, बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण सांगितलं तर हसाल. ऑक्टोबर ते मार्च मी अमेरिकेत लेकीकडे होते, ओहायो राज्यात, कोलंबस शहराजवळ. आणि तिथे सहा महिने एका सरड्याच्या नादी लागले होते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी बायका पारायणाला बसतात, मी सरड्याला मोहरीचा पाला भरवत बसले. असो.

हा आपल्याकडचा सरडा नव्हे. बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे दाढीवाला सरडा. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागातला, कोरड्या, झुडपांच्या मुलखातला. शेपटीसकट दीड-दोन फूट लांब. गळ्याखाली काटेरी खवल्यांची पिशवी असते. रागावला किंवा घाबरला की ती फुगवून काळी करतो, तीच त्याची दाढी. नातवाने त्याचं नाव रेक्स ठेवलंय. मी दाढोबा म्हणते. मराठीचं व्याकरण लिहिणाऱ्या दादोबांची क्षमा मागून! चौतीस वर्षं व्याकरण शिकवलं, तेवढा हक्क मला असावा.

आपल्याकडे गडग्यावर बसून मान खालीवर करणारा, गळा लाल करणारा सरडा आणि हा दाढोबा एकाच कुळातले. लहानपणी आमच्या वाडीतली मुलं सरडा दिसला की दगड उचलायची. मीही एकदा उचलला होता आणि तो लागलाही होता. तेव्हा मी मोठी प्राणिप्रेमी आहे असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. मी मास्तरीण आहे आणि माझं भांडण एका शब्दाशी आहे.

तो शब्द म्हणजे 'लो मेंटेनन्स'. मराठीत सांगायचं तर, फारसं काही करावं न लागणारा. दुकानदाराने जावयांना असंच सांगितलं होतं: कुत्र्यासारखा फिरवायला नको, भुंकत नाही, केस गळत नाहीत, शांत बसून राहतो, मुलाला छान सोबत. तीन फूट बाय दीड फूट काचेची पेटी, तळाला हिरवा गालिचा, एक प्लास्टिकची गुहा, वर एक दिवा, पाण्याची वाटी, खाण्याची वाटी. संपला संसार! मी गेले तेव्हा दाढोबाला त्या पेटीत दोन वर्षं झाली होती.

पहिल्या आठवड्यात मलाही तो शांतच वाटला. लेक-जावई कामावर, नातू शाळेत, बाहेर थंडी, घरात मी आणि तो. मी सोफ्यावर, तो दिव्याखाली. मग लक्षात आलं की रोज साधारण अकराच्या सुमाराला तो उठतो, काचेच्या कोपऱ्यात जातो, मागच्या पायांवर उभा राहतो आणि पुढच्या पायांनी काच ओरबाडत राहतो. पाच मिनिटं नाही, कधी कधी तास-तासभर. दमला की खाली बसायचा, पुन्हा सुरू. सरड्याची धाव कुंपणापर्यंत ही म्हण आपण माणसांना हिणवायला वापरतो. याच्या नशिबी कुंपणही नव्हतं. ऑस्ट्रेलियात याचे भाऊबंद खरोखरच कुंपणाच्या खांबांवर चढून ऊन खात टेहळणी करतात. याची धाव काचेपर्यंत.

मी लेकीला म्हटलं, "अगं, हा अस्वस्थ आहे."

ती म्हणाली, "आई, तो व्यायाम करतो. बाकी वेळ बघ ना किती शांत असतो. खातो, पितो, ऊब आहे, अजून काय हवं?"

हे 'अजून काय हवं' ऐकलं आणि मला माझा वर्ग आठवला. आमच्या शाळेत तपासणी असली की ज्या वर्गातून आवाज येत नाही तो वर्ग उत्तम. माझा वर्ग नेहमी उत्तम असायचा. हाताची घडी, तोंडावर बोट. एक मुलगा खिडकीबाहेर बघायचा, बाकावर बोटांनी काहीतरी कोरायचा, पाय हलवायचा. मी त्याला उचलून भिंतीकडच्या बाकावर बसवला. थोड्या दिवसांनी तो शांत झाला. मला वाटलं, सुधारला. सातवीनंतर त्याने शाळा सोडली. घरची ओढगस्त होती, कारण एकटी मी नव्हते. पण त्याला शाळेत यावंसं वाटावं असं मीही काही केलं नव्हतं. गप्प मूल म्हणजे समाधानी मूल, हे खोटं आहे हे कळायला मला नोकरीची वीस वर्षं लागली. तेच खोटं पेटीतल्या जनावराबद्दल पुन्हा ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती.

मग मी वाचायला बसले. नातवाने संगणकावर शोधून दिलं, मी वहीत उतरवून घेतलं. त्यातलं थोडं सांगते, कारण "सरड्याला कसली आलीये बुद्धी" हे वाक्य मला पुण्या-नाशिकच्या प्रत्येक फोनवर ऐकावं लागलं.

इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातल्या अ‍ॅना विल्किन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच जातीच्या सरड्यांवर एक प्रयोग केला. तो २०१५ साली छापून आला. जाळीला एक सरकतं दार, पलीकडे खाऊ. एका सरड्याला ते दार डोक्याने सरकवायला शिकवलं आणि त्याचं चित्रण इतरांना दाखवलं. ज्यांनी ते पाहिलं त्या सगळ्यांनी दार उघडलं. ज्यांना ते दाखवलं नव्हतं त्यांच्यातल्या एकालाही जमलं नाही. बघून शिकणं याला आपण अनुकरण म्हणतो आणि त्यावर आमची अर्धी प्राथमिक शाळा चालते! दुसरं, जर्मनीत फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक संस्थेत २०१६ साली दिसून आलं की या सरड्याच्या झोपेतही आपल्यासारख्या दोन अवस्था आळीपाळीने येतात, आणि त्यातल्या एकीत बंद पापण्यांआड डोळे हलतात. माणसाला बरीचशी स्वप्नं अशाच अवस्थेत पडतात. दाढोबाला स्वप्न पडतं असा दावा मी करत नाही. पण रात्री ज्याचा मेंदू इतकं काम करतो त्याला दिवसभर बघायला एक हिरवा गालिचा?

तुम्ही म्हणाल, तो पेटीतच जन्मलाय, त्याला रान माहीतच नाही, मग त्याला कसली उणीव भासणार? हा मुद्दा वरवर बिनतोड दिसतो. ऑस्ट्रेलिया आपली जनावरं अशी विकायला बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे अमेरिकेतले बहुतेक सगळे दाढीवाले सरडे पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेत हे खरं. पण पाय चढण्यासाठी आहेत, नखं उकरण्यासाठी आहेत, जीभ वास-चव घेत जमीन चाचपण्यासाठी आहे. डोक्याच्या मधोमध चक्क तिसरा डोळा आहे, शंकराचा नव्हे हो, पण उजेड-अंधार ओळखणारा, वरून ससाण्याची सावली पडली तर उपयोगी पडावा असा. ही सगळी हत्यारं घेऊनच ते पिल्लू अंड्यातून बाहेर येतं. रान पाहिलं नाही म्हणून पायांची चढायची इच्छा जात नाही. अंधाऱ्या खोलीत जन्मलेल्या मुलाला डोळे नकोत असं म्हणाल का?

दुसरा मुद्दा जावयांचा. त्यांनी फार नम्रपणे मांडला: "आई, रानात याला घारी आहेत, दुष्काळ आहे. इथे दहा-पंधरा वर्षं सुखाने जगेल." मी म्हटलं, तुमचं पहिलं वाक्य खरं आहे. पण दुसऱ्यातला 'सुखाने' हा शब्द अजून सिद्ध व्हायचाय. आयुष्याची लांबी मोजली म्हणजे त्याची प्रत मोजली असं होत नाही.

आणि तिसरा मुद्दा नातवाचा. "आजी, तो माझ्या छातीवर झोपतो. ही लव्ज मी." यावर मी काही बोलले नाही. अकरा वर्षांच्या मुलाला, 'अरे, तू त्याच्यासाठी ऊबदार दगड आहेस' असं कसं सांगू? शिवाय पूर्ण खरं काय ते मला तरी कुठे ठाऊक आहे! तो बाकी कुणाच्या अंगावर तसा निजत नाही, हेही मी पाहिलंय.

तेव्हा भांडण पुरे करून कामाला लागलो. आधी डॉक्टरकडे. कारण मलूल जनावर कंटाळलेलं असेल तसं आजारीही असू शकतं, आणि काच ओरबाडणारी मादी असेल तर ती अंडी घालायला जागा शोधत असण्याचीही शक्यता असते. नर जवळ नसला तरी ती अंडी घालते. आमचा दाढोबा नर निघाला आणि तब्येतीने ठीक. पण डॉक्टरांनी विचारलं, "अतिनील किरणांची नळी कधी बदलली?" जावई आणि लेक एकमेकांकडे बघायला लागले. दोन वर्षांत बदललीच नव्हती! या नळ्या वर्षभरात निकामी होतात, काही तर सहा महिन्यांतच. उजेड पडत राहतो, कामाचे किरण मात्र पडत नाहीत. ते किरण नाहीत तर जीवनसत्त्व ड नाही, ते नाही तर चुना अंगी लागत नाही आणि हाडं मऊ पडतात. खिडकीतलं ऊन चालत नाही, काच ते किरण अडवते. मी आयुष्यभर असे शिक्षक पाहिलेत. दिवा लागलेला असतो, पण किरण केव्हाच संपलेले. असो.

हे जनावर थंड रक्ताचं. त्याला खेळवायचं तर आधी तापवायला हवं. ऊन खायच्या जागी ४० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि पेटीच्या दुसऱ्या टोकाला पंचवीस-सव्वीस, म्हणजे कुठे बसायचं ते त्याचं तो ठरवतो. लहान पेटीत हे साधतच नाही, सगळीकडे सारखंच गरम होतं. म्हणून जावयांनी (मी मागे लागले, पण पैसे आणि कष्ट त्यांचे) चार फूट बाय दोन फूट, दोन फूट उंच अशी पेटी आणली. तीन बाजूंना लाकूड, समोर काच. त्यामुळे स्वतःचं प्रतिबिंब कमी दिसतं. आधीच्या पेटीत संध्याकाळी काचेत त्याला दुसरा सरडा दिसायचा आणि त्याची दाढी काळी व्हायची.

आता खरी गंमत. आम्ही खाण्याची वाटी काढून टाकली. मोठ्या सरड्याचं बरंचसं जेवण पालाच असतं: मोहरी, कोलार्ड, सिंहपर्णी. त्याच्या जुड्या करून चिमट्याने फांदीला उंचावर लावल्या. आता मान वर करायची, पाय टेकवायचे, ओढून तोडायचं. किडे वाटीत मेल्यासारखे पडलेले नाहीत. पुठ्ठ्याच्या नळीला भोकं पाडून त्यात सोडले. नळी ढकलली की एखादा बाहेर येतो. पहिल्या दिवशी त्याने नळीकडे नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी चाटली. तिसऱ्या दिवशी डोक्याने ढकलली, आणि नातू एवढ्या जोरात ओरडला की मी पोळपाट टाकून धावले.

एका कोपऱ्यात खोल डबा, त्यात माती आणि वाळू ओलसर करून दाबून बसवलेली. तिथे तो उकरतो. (मोकळी भुसभुशीत वाळू नको, विशेषतः पिल्लांना, पोटात जाऊन बसते.) जाड फांद्या, सपाट दगड, आणि आठवड्याला एखाद्याच वस्तूची जागा बदलायची. सगळं एकदम बदललं तर घाबरतो. नवं हवं, पण ओळखीच्या घरात.

रोज संध्याकाळी वीस-पंचवीस मिनिटं खोलीत मोकळा. दारं बंद, कुणीतरी लक्ष ठेवून, आणि गार पडायच्या आत परत दिव्याखाली. तो सोफ्याच्या पाठीवर चढून खिडकीतून बर्फ बघायचा. आणि शेवटी मी माझा धंदा सुरू केला, म्हणजे शिकवणी! काठीच्या टोकाला लाल चेंडू. चेंडूला नाक लावलं की एक अळी. तेरा दिवसांत काठी दिसली की तो पेटीच्या दुसऱ्या टोकाहून चालत यायला लागला. त्याला उचलून आणायची, धरायची गरज राहिली नाही. तो 'येतो'. नाही आला तर त्या दिवशी शिकवणी नाही. विद्यार्थ्याला 'नाही' म्हणायची मुभा असलेला माझा हा पहिलाच वर्ग.

इथे मला दुसऱ्या टोकाच्या मंडळींशीही भांडायचं आहे. जनावराचं मन रमवायचं म्हणजे त्याची करमणूक करायची असं ज्यांना वाटतं ती मंडळी. त्याला टोपी-चष्मा घालून फोटो काढणारे. फोनच्या पडद्यावर पळणारे मुंगळे दाखवून, तो काचेवर जीभ मारतो म्हणून हसणारे. अरे, ज्या शिकारीत कधीच काही हाती लागत नाही तो खेळ कुणाचा? सोबत म्हणून एकाच पेटीत दोन ठेवणारे. एक दुसऱ्याच्या पाठीवर चढून बसला की 'कित्ती प्रेम' म्हणतात. ते प्रेम नसतं, दिव्याखालची जागा बळकावणं असतं. हे प्राणी एकट्याने राहणारे आहेत. आरसा ठेवणं तर क्रूरपणाच. आणि उठसूट हातात घेणं, हेही खेळवणं नव्हे.

सतत चाळवत ठेवणं हेही बरोबर नाही. हिवाळ्यात हे सरडे आठवडेच्या आठवडे मंद होतात, झोपतात, खात नाहीत. जानेवारीत दाढोबा गुहेत गेला तेव्हा नातू काठी घेऊन बसला. डॉक्टरांना विचारून घेतलं, वजन उतरत नाही ना ते पाहिलं आणि नातवाला सांगितलं, "अरे, सुट्टी आहे त्याची. सुट्टीत शिकवणी घेणारा मास्तर कुणाला आवडतो?" कात टाकतानाही तसंच, वाटेला जाऊ नये.

आणि एक धोक्याची सूचना, ती मी येताना भिंतीवर लिहून लावून आले आहे. ओहायोत उन्हाळ्यात काजवे फार. मुलांना ते पकडायची हौस. एकच काजवा या सरड्याचा जीव घेऊ शकतो, त्यात तसं विष असतं. बाहेरचा कुठलाच किडा द्यायचा नाही. आणि सरड्याला हात लावला की साबणाने हात धुवायचे. साल्मोनेलाचे जंतू त्याच्या अंगावर असू शकतात, त्याला काही होत नाही, आपल्याला होतं.

तुम्ही विचाराल, एवढं सगळं करायचं तर पाळायचाच कशाला? बरोबर विचारलंत. माझं मत विचाराल तर पाळू नये. पण घरात आणल्यावर हा प्रश्न शिळा होतो. त्याला ऑस्ट्रेलियात परत पाठवता येत नाही, ओहायोच्या थंडीत सोडता येत नाही. पुढची दहा वर्षं तो त्या घरात आहे. मग ती दहा वर्षं काच ओरबाडण्यात घालवायची की उकरण्यात, एवढंच आपल्या हातात. ज्याला रोजचा अर्धा तास देता येत नसेल त्याने जिवंत प्राणी आणू नये, भिंतीवर चित्र लावावं. चित्र खरोखरच लो मेंटेनन्स असतं.

आता थोडं खाजगी, आणि हे लेक वाचणार आहे हे ठाऊक असूनच लिहिते. नोव्हेंबरमध्ये एकदा ती नाशिकच्या मावशीशी फोनवर बोलत होती. मला ऐकू आलं: "आई अगदी मजेत आहे. काही त्रास नाही. शांत बसलेली असते दिवसभर." त्यात काही खोटं नव्हतं. खोली ऊबदार होती. चहा आयता, जेवण आयतं, पोळ्या विकतच्या, टीव्हीवर मराठी मालिका. ओट्याशी गेले की "आई, तू बस." मी बसत होते. काच ओरबाडत नव्हते एवढंच. मी तिला तेव्हा काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कणीक मळायला घेतली आणि "बस" म्हणाली तर ऐकलं नाही. तिने काही क्षण बघितलं, मग पोळपाट-लाटणं काढून दिलं. ते दिवाळीपासून वरच्या कपाटात होतं.

आपल्या घरांतून म्हाताऱ्या माणसांना ताट हातात आणून देतात आणि त्याला सेवा म्हणतात. सेवाच असते ती, मी नाकारत नाही. ठाण्याच्या, पुण्याच्या, डोंबिवलीच्या माझ्या भाचे-पुतण्यांनो, तुमचं मन दुखवायचा हेतू नाही. पण 'काही त्रास देत नाहीत' हे ज्यांच्याबद्दल कौतुकाने सांगता, त्यांच्याकडे सकाळी अकराच्या सुमाराला जरा बघा. मुलं असोत, माणसं असोत, सरडा असो.

परवा नातवाने व्हिडिओवर दाढोबा दाखवला. नळी बदलून सहा महिने झाले, नवी आणा म्हणून मी आठवण केली. काचेवर चढतो का विचारलं तर म्हणाला, "कधी कधी, आजी. फीडिंगला उशीर झाला की." म्हटलं, ते चालेल. ती तक्रार आहे. तक्रार करणारा विद्यार्थी मला हल्ली आवडतो.